एक आला की गाव आणतो

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणूक आली की परप्रांतीयांचा विषय निघतोच, आणि गाडी एकाच वाक्यावर येऊन थांबते : "एक आला की भाऊ, पुतणे, मेहुणे, सगळं गाव आणतो." पिंपरीच्या मित्राने परवा ते पुन्हा टाकलं. इथे कॅलिफोर्नियातही टीव्हीवरचे पुढारी हेच बोलतात, फक्त आमच्याबद्दल. 'चेन मायग्रेशन' म्हणतात त्याला.

अशा वेळी मला युबा सिटीचे पाजी आठवतात. पंजाबीत 'पाजी' म्हणजे थोरला भाऊ. पीच आणि अक्रोडांच्या बागांचा हा मुलूख. शीख इथे शंभराहून अधिक वर्षं शेतीत आहेत. पाजींचं घराणं जालंधरकडचं. इंग्रजांनी कालवे काढून लायलपूरचं (आता पाकिस्तानातलं फैसलाबाद) रान लागवडीखाली आणलं, तेव्हा आजोबा तिकडे गेले. १९४७ मध्ये वडील आणि चुलते बैलगाड्यांच्या काफिल्यातून परतले ते आजोबांच्याच गावात, निर्वासित म्हणून. पश्चिम पंजाबात हिंदू-शिखांची ६७ लाख एकर जमीन मागे राहिली होती. भारताकडच्या पंजाबात निर्वासितांना वाटायला होती ४७ लाख. त्यामुळे सगळ्यांच्याच वाट्याला कात्री लागली. दहा एकरांपर्यंत चौथाई गेली, त्यापुढे कात्री वाढत गेली. उरलेल्या तुकड्यावर पाजी आणि त्यांचे दोन भाऊ कसे जगणार? थोरले म्हणून पाजी १९७०च्या दशकात अमेरिकेला आले आणि दुसऱ्यांच्या बागांत पीच तोडू लागले.

आता ती 'साखळी' बघा. इथे नागरिकाला भावासाठी अर्ज करता येतो, पण कुटुंबाच्या प्राधान्यक्रमात भाऊ चौथा, म्हणजे शेवटचा. साऱ्या जगातल्या भाऊ-बहिणींना मिळून वर्षाला ६५,००० जागा, त्यातही प्रत्येक देशाला मर्यादा. पाजींनी धाकट्यासाठी १९९८ मध्ये अर्ज भरला. तो आला २०१० मध्ये. आज भारतीयांची ही रांग वीस वर्षांच्या आसपास आहे. अर्ज केला तेव्हा धाकट्याचा मुलगा चौदा वर्षांचा होता, नंबर लागला तेव्हा सव्वीसचा. एकविशी ओलांडलेलं मूल कायद्याच्या लेखी बापाबरोबरचं मूल राहत नाही. तो मागे राहिला. असं 'गाव' येतं इथे.

मित्राचं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. पिंपरीतलं खोलीभाडं आणि पाण्याचा टँकर खरा आहे, आणि बिहारहून यायला व्हिसा लागत नाही, तिकीट पुरतं. पण माझे वडील चिपळूणहून लालबागला आले ते थोरल्या काकांच्या मागूनच. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, गिरणीत चिकटवलं तेही काकांनीच. आम्ही त्याला कधी साखळी म्हटलं नाही. 'काकांनी हात दिला' म्हणायचो.

त्याच ग्रुपवर दुसरं रडगाणंही असतं : पाश्चात्त्य वाऱ्याने भावाभावांतलं प्रेम आटलं. हे मला अजिबात पटत नाही. भांडणाला 'भाऊबंदकी' हा शब्द आपण पश्चिमेकडून नाही आणला. पंजाबीतही वाटेकरी भाऊबंदाला 'शरीक' म्हणतात, आणि तो उच्चारताना पाजींचा आवाज बदलतो. कारण मधला भाऊ. पाजींनी डॉलर पाठवले, ट्यूबवेल बसली, पक्कं घर झालं, आणि वडील गेल्यावर मधल्याने फेरफार आपल्या एकट्याच्या नावावर करून घेतला. तिकडे फेरफाराला 'इंतकाल' म्हणतात. बारा वर्षं धाकट्याची वाट पाहणारे पाजी मधल्याशी त्या दिवसापासून बोललेले नाहीत. मी एकदा समजूत घालायला गेलो, तर त्यांनी चहा पुढे केला आणि अक्रोडाच्या भावावर बोलायला लागले.

मागे राहिलेल्या पुतण्याचं लग्न गेल्या हिवाळ्यात झालं. सव्वीस वर्षांच्या त्या पोराला धाकटा इकडे आल्यावर घरात घेतलं होतं ते याच मधल्याने, आणि आता उशिरा का होईना, लग्नही त्यानेच लावून दिलं. पाजी व्हिडिओ कॉलवर फेरे संपेपर्यंत बसून होते. मधला फोनसमोर आला तेव्हा दोघांनी हात जोडले. "खर्च किती आला विचार," पाजी धाकट्याला म्हणाले, आणि उठून बागेत गेले.