फोन चोरीला गेला की पासवर्ड मॅनेजरमधलं सगळं गेलं? नाही हो

परत तो मेसेज फिरायला लागलाय. "मोबाईलमध्ये पासवर्ड मॅनेजर म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, फोन गेला की सगळं गेलं, लास्टपासपण हॅक झालं होतं, त्यापेक्षा एकच कडक पासवर्ड पाठ करा आणि कुठेच लिहू नका." फॅमिली ग्रुपवर तिघांनी टाकला, म्हणून लिहितोय. (पासवर्ड मॅनेजर म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड एका जागी सांभाळणारं ॲप.)

फोन गेला की सगळं गेलं, हे आधी घेऊ. बिटवॉर्डन, कीपासडीएक्स असल्या ॲपमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो, मास्टर पासवर्ड (ॲप उघडायचा एकमेव मुख्य पासवर्ड) नाहीतर तुमचं बोट लागल्याशिवाय उघडत नाही. हां, गूगलच्या पासवर्ड मॅनेजरला फोनचाच स्क्रीन लॉक चालतो, त्यामुळे तुमचा पिन १२३४ असेल आणि तो पोरांपासून रिपेअरवाल्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असेल तर मेसेजवाला बरोबर आहे, पण मग पिन बदला ना. आणि चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेऊ शकतो त्याचं काय? सिमला पिन लावता येतो, मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

लास्टपास या पासवर्ड मॅनेजरचं खरंय. २०२२ साली ग्राहकांच्या व्हॉल्टच्या (पासवर्डच्या तिजोरीच्या) बॅकअप कॉप्याच चोरीला गेल्या, त्यात वेबसाइटचे पत्ते उघडे होते, पासवर्ड मात्र एन्क्रिप्टेड. ज्यांचा मास्टर पासवर्ड लेचापेचा त्यांना खरा धोका, त्यात काही जुन्या खात्यांचं एन्क्रिप्शन सेटिंग कंपनीने वेळेत वाढवलंच नव्हतं, ही कंपनीचीच चूक, त्यात वाद नाही. क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, विश्वास नसेल तर कीपासडीएक्स वापरा, फाईल तुमच्याच फोनमध्ये राहते, फक्त तिचा बॅकअप तुम्हालाच घ्यावा लागतो.

"एकच कडक पासवर्ड" हा मात्र कहर आहे. २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे २ कोटी ग्राहकांचा डेटा फुटला, त्यात ईमेल होते आणि हॅश केलेले, म्हणजे गणिताने बदलून ठेवलेले पासवर्ड होते. असे हॅश फोडून मिळालेली ईमेल-पासवर्डची जोडी लोक प्रोग्रॅम लावून बाकीच्या शंभर साइटवर घालून बघतात. म्हणजे तुमचा पासवर्ड कितीही कडक असो, तुम्ही तो ज्या सगळ्यात ढिसाळ साइटवर दिलाय तेवढाच तो सुरक्षित.

शिवाय मोबाईलवर एक फायदा आहे जो कोणी सांगतच नाही. छोट्या स्क्रीनवर पूर्ण पत्ता दिसत नाही, त्यामुळे "केवायसी अपडेट करा" छाप लिंकवरचं खोटं बँकेचं पान खरंच वाटतं. ऑटोफिल, म्हणजे पासवर्ड आपोआप भरायची सोय (अँड्रॉइड ८ पासून आहे), पानाच्या दिसण्याला भुलत नाही, डोमेन (साइटचा खरा पत्ता) बघतं, जुळलं नाही तर पासवर्ड सुचवतच नाही. अशा वेळी ॲप बिघडलंय समजून हाताने कॉपी-पेस्ट करायला जाऊ नका, आधी पत्ता बघा.

राहिलं "कुठेच लिहू नका". मास्टर पासवर्ड उलट लिहूनच ठेवा, कारण तो बिटवॉर्डनकडे नसतोच, विसरलात तर तेही काही करू शकत नाहीत. घरच्या कपाटात कागदावर चालेल, फोनच्या कव्हरमध्ये घडी करून नको.