खटक! आणि पुढे काहीच नाही

डिसेंबरातली सकाळ, नागपूरची थंडी, बोटं आखडलेली. निशाणा धरला, श्वास रोखला, ट्रिगर दाबला. खटक! बस्स. वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, तेव्हापासून आजोबांची ही .३१५ बोअरची रायफल कागदच फोडते, आणि आता तेही जमत नाही म्हणते!

नळी निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद मोजायचे (उशिरा पेटलं तर?), मग बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा, पिन याच्याच पोटात) उघडायचा. पाचातली तीन काडतुसं अशीच गेली. परवान्यावर मोजून मिळतात हो ती, शेंगदाणे नाहीत! काडतुसाच्या बुडाची कॅप, जिच्यावर फायरिंग पिन आपटली की ते पेटतं, तिच्यावर पिनचा खड्डा बघितला, तर नखाने टोचल्यासारखा. तेच काडतूस परत कोंबलं तर ठो! म्हणजे काडतूस चांगलंच होतं, पिनच मरगळलेली.

हे मी दुरुस्तीवाल्याला सांगितलं. तो चहा ढवळत म्हणतो, "काडतूसच बेकार हाय ना भाऊ." अरे बाबा, याच डब्यातली दहा मी मे महिन्यात उडवली. पंचेचाळीसच्या उन्हात एक नाही अडकलं! उन्हाळ्यात चालते, थंडीत अडते, याचा अर्थ बोल्टच्या आत ग्रीस गोठतंय. हे कळायला कोणती डिग्री लागते? पण ऐकेल तो दुरुस्तीवाला कसला! आठ दिवस बंदूक ठेवून घेतली, नवी स्प्रिंग टाकली, तिचे पैसे घेतले आणि वरून काय केलं? आणखी ग्रीस थापलं! "आता लोण्यावानी चालते पाहा." लोणी मला पोळीवर पाहिजे, फायरिंग पिनवर नाही!

पुढच्या रविवारी परत खटक. नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या लेनमधले काका म्हणतात, "राहू दे बापा, म्हातारी झाली ते." डोकंच फिरलं.

घरी येऊन बोल्ट मीच खोलला. आतून काय निघालं म्हणता? गुळाच्या पाकासारखा तपकिरी चिकटा, त्यात जुन्या चिंध्यांचे धागे. एवढ्या राड्यातून पिन जोरात जाणार कुठून? रॉकेलमध्ये धुतला, कोरडा पुसला, तेलाचा नुसता हात फिरवला. काल तशाच थंडीत पाचच्या पाच ठो.

दुरुस्तीवाल्याला मुद्दाम फोन केला. तो काय म्हणाला असेल?

"मी म्हटलं नव्हतं भाऊ? नवी स्प्रिंग हाय ना ते!"