ऑपेरेटा वार्धक्याने मेला नाही

ऑपेरेटा म्हणजे गाणी, संवाद आणि नाच एकत्र असलेला युरोपीय नाट्यप्रकार. ‘ऑपेरेटा हे ऑपेराचे गोडगोड, हलकेफुलके भावंड, राजकारणाशी त्याचा संबंध नव्हता, बोलपट आणि अमेरिकी म्युझिकल आल्यावर तो आपसूक संपला, आज युरोपात होणारे त्याचे प्रयोग वयस्कर प्रेक्षकांच्या स्मरणरंजनापुरते आहेत’, अशा आशयाचा मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. ‘आपल्या संगीत नाटकाचेही असेच झाले’, ही जोडही त्याला अनेकदा दिलेली असते. या विधानांत थोडेथोडे तथ्य असल्यामुळेच ती चटकन पटतात. तिसऱ्या विधानात मात्र एका गुन्ह्यावर नैसर्गिक मृत्यूचा शिक्का मारला गेला आहे, आणि त्याचा प्रतिवाद केल्यावाचून राहणे मला योग्य वाटत नाही.

आधी राजकारणाचा मुद्दा घेऊ. संगीतकार जाक ऑफेनबाखने १८५५ मध्ये पॅरिसमध्ये आपले छोटे नाट्यगृह उघडले, तेव्हा मोजक्याच गायक पात्रांना रंगमंचावर आणण्याचा परवाना त्याला मिळाला होता. ते बंधन सैल झाल्यावर १८५८ मध्ये त्याने ‘पाताळातील ऑर्फियस’ सादर केला. या ऑर्फियसला आपली बायको परत नकोच असते. ‘लोकमत’ नावाचे एक पात्र त्याला पाताळात जायला भाग पाडते. स्वर्गातले देव अमृताला कंटाळून ज्युपिटरविरुद्ध बंड करतात आणि त्यांच्या गाण्यात ‘मार्सेयेझ’चे सूर ऐकू येतात. हे क्रांतिगीत तिसऱ्या नेपोलियनच्या साम्राज्याला मुळीच खपत नसे. १८६७ च्या ‘गेरोल्श्टाइनची ग्रँड डचेस’मध्ये तर राणीचे मन रमावे म्हणून युद्ध पुकारले जाते आणि तिच्या मनात भरलेला साधा शिपाई पाहता पाहता सेनापती होतो. त्या वर्षी जागतिक प्रदर्शनासाठी पॅरिसला आलेल्या प्रशियाच्या पंतप्रधान बिस्मार्कने हा प्रयोग पाहिला. पुढे १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाल्यावर सैन्याची टर उडवणाऱ्या याच कृतीवर तिथे काही काळ बंदी आली. लंडनमध्ये १८८५ साली रंगभूमीवर आलेल्या, जपानमध्ये घडणाऱ्या ‘मिकाडो’ या ऑपेरेटाचे प्रयोग १९०७ मध्ये, जपानी राजपुत्राच्या भेटीच्या वेळी, सरकारी आदेशाने थांबवण्यात आले. करमणूक निरुपद्रवी असती, तर सरकारांनी तिची एवढी धास्ती घेतली नसती.

‘हलकेफुलके’ या विशेषणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ऑपेरेटात नटाला ऑपेराच्या तोडीचे गावे लागते, संवाद नाटकासारखे फेकावे लागतात आणि वर नाचावेही लागते. अशी माणसे मिळणे आजही कठीण आहे. सगळ्याच रचना चांगल्या होत्या असे मात्र मी म्हणणार नाही. संगीतकार एमेरिख कालमानच्या १९२१ च्या ‘बायादेरे’मध्ये लाहोरचा एक राजपुत्र पॅरिसमधल्या गायिकेच्या प्रेमात पडतो, त्यातला हिंदुस्थान हा निव्वळ नेपथ्याचा पडदा आहे आणि आपल्याला तो खटकणारच.

आता मृत्यूच्या कारणाकडे वळू. बोलपटाने ऑपेरेटाला मारले, हे काळाच्या क्रमाशीच जुळत नाही. जर्मन बोलपटाच्या पहिल्या वर्षांतले ‘पेट्रोल पंपावरचे तिघे’ (१९३०) आणि ‘काँग्रेस नाचते आहे’ (१९३१) हे गाजलेले चित्रपट स्वतःच पडद्यावरचे ऑपेरेटा होते. ब्रॉडवेवरची म्युझिकल तर बऱ्याच अंशी याच घराण्यातून निघाली. फ्रांत्स लेहारची ‘मेरी विडो’ १९०५ मध्ये व्हिएन्नात आणि १९०७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गाजली, आणि रुडॉल्फ फ्रिमल व सिगमंड रॉम्बर्ग हे मध्य युरोपातून आलेले संगीतकार तिथे हीच परंपरा चालवत होते. १९३२ सालचा बर्लिन पाहिला तर मरणाची चिन्हे दिसत नाहीत. त्या सप्टेंबरमध्ये मेट्रोपोल नाट्यगृहात संगीतकार ऑस्कर श्ट्राउसची नवी कृती गायिका-अभिनेत्री फ्रिट्सी मासारीला घेऊन रंगभूमीवर आली. डिसेंबरमध्ये, नाताळच्या तोंडावर, संगीतकार पॉल अब्राहमचा ‘बाल इम सॅव्हॉय’ हा ऑपेरेटा आला. त्यात सॅक्सोफोन, जॅझचे ताल आणि व्हिएन्नाचे वॉल्ट्झ एकत्र नांदत होते.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सलर झाला. या क्षेत्रातले संगीतकार, संहिताकार, गायक आणि निर्माते फार मोठ्या संख्येने ज्यू होते. अब्राहमला बर्लिन सोडावे लागले. बुडापेस्ट, पॅरिस आणि क्युबा असे करत तो न्यूयॉर्कला पोहोचला, तिथे त्याचे मानसिक संतुलन ढळले आणि अनेक वर्षे रुग्णालयात गेली. १९५६ मध्ये त्याला जर्मनीत परत आणले गेले आणि १९६० मध्ये हॅम्बुर्गला त्याचे निधन झाले. संगीतकार लेऑन येसेल १९४२ च्या आरंभी गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांच्या छळानंतर बर्लिनमध्ये मरण पावला. ‘मेरी विडो’चा पहिला नायक लुई ट्रॉयमान १९४३ मध्ये टेरेझिनच्या नाझी छावणीत मरण पावला. लेहारच्या ‘स्मितहास्याचा देश’चा एक संहिताकार आणि अब्राहमचा गीतकार फ्रित्झ लोहनर-बेडा याला १९३८ मध्ये अटक झाली, बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्याने त्या छावणीचे गीत लिहिले आणि ४ डिसेंबर १९४२ रोजी आउश्वित्झच्या मोनोवित्झ छावणीत त्याचा खून झाला. हिटलरला लेहार आवडत असल्यामुळे लेहारच्या रचना जर्मन रंगभूमीवर चालूच राहिल्या. ज्यू संहिताकारांची नावे तेवढी गाळली गेली. ऑपेरेटा बंद पाडला गेला नाही, तो ‘शुद्ध’ करून चालू ठेवला गेला. त्यातले जॅझ, उघड शृंगार आणि सत्तेची चेष्टा काढून टाकल्यावर जे उरले, ते युद्धानंतरच्या चित्रपटांतून आणि सौम्य केलेल्या वाद्यमेळांतून पुढच्या पिढ्यांपर्यंत आले. ‘गोडगोड’ हे वर्णन मुख्यतः या उरलेल्या भागाचे आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे: बर्लिनमधील रॉटर बंधूंचा मोठा नाट्यव्यवसाय जानेवारी १९३३ मध्येच कर्जाखाली कोसळला होता. हे खरे आहे. पण दिवाळखोरीतून माणसे पुन्हा उभी राहतात. हे बंधू लिख्टेनश्टाइनला गेले असता एप्रिलमध्ये नाझी समर्थकांनी त्यांना पळवून नेण्याचा प्रयत्न केला आणि त्यात आल्फ्रेड रॉटर व त्यांची पत्नी मृत्युमुखी पडली. संगीत नाटकाशी केलेली तुलना इथेच तुटते. आपल्या नाटक मंडळ्या कर्जाने आणि बोलपटाने खचल्या हे खरे. पण त्यांचे नाटककार आणि नट वंशाच्या नावाखाली हद्दपार किंवा ठार केले गेले नव्हते.

राहिला स्मरणरंजनाचा मुद्दा. जे ऐकायलाच मिळाले नव्हते, त्याचे स्मरणरंजन कसे होणार? मेट्रोपोल ज्या इमारतीत होते, तिथेच १९४७ पासून कोमिशे ओपर ही ऑपेरा-संस्था नांदली. २०१२ ते २०२२ या काळात तिचा प्रमुख असलेल्या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक बॅरी कोस्कीने २०१३ मध्ये ‘बाल इम सॅव्हॉय’ पुन्हा उभा केला. त्यासाठी हेनिंग हागेडोर्न आणि मॅथियास ग्रिमिंगर यांनी अब्राहमचा जॅझ-वाद्यमेळ नव्याने जुळवला होता. यारोमीर वाइनबर्गरची ‘वसंतातील वादळे’ २० जानेवारी १९३३ रोजी, म्हणजे हिटलरच्या नेमणुकीच्या दहा दिवस आधी, रंगभूमीवर आली होती. तिची पूर्ण वाद्यसंहिता हरवल्यामुळे नॉर्बर्ट बिअरमान यांना ती पुन्हा रचावी लागली आणि २०२० मध्ये तिचा प्रयोग झाला. व्हिएन्नाच्या फोल्क्सओपरने डिसेंबर २०२३ मध्ये, आपल्या १२५ व्या वर्षी, स्वतःच्याच इतिहासावर एक कृती सादर केली. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेला तेव्हा त्या नाट्यगृहात यारा बेनेशच्या एका ऑपेरेटाच्या तालमी चालू होत्या आणि त्याची गीते लोहनर-बेडाची होती. नव्या प्रयोगात त्या तालमी, तिथून हाकलले गेलेले कलावंत आणि बेनेशचे संगीत हे सारे एकत्र रंगमंचावर आले.