लेक टायर्सची जमीन लोकांनी मिळवली

भारतातून आई-वडील आले की मेलबर्नमधली आपली मराठी मंडळी त्यांना कांगारू आणि कोआला दाखवायला हमखास हिल्सव्हिलच्या अभयारण्यात नेतात. ती जमीन एके काळी कोरँडर्क या अबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीची होती, हे तिकीट काढताना फारच थोड्यांना ठाऊक असतं. ते ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

व्हिक्टोरिया राज्याचं अबोरिजिनल व्यवहार मंत्रालय तसं अल्पायुषी. 1968 मध्ये सुरू झालं आणि 1975 च्या सुरुवातीला त्याचं कामकाज केंद्र सरकारकडे गेलं. या सात वर्षांतली सर्वांत मोठी कामगिरी म्हणून एकच गोष्ट सांगितली जाते: 1970 चा कायदा करून लेक टायर्स आणि फ्रामलिंगहॅम या अबोरिजिनल वस्त्यांच्या जमिनी तिथल्या रहिवाशांच्या ट्रस्टच्या नावावर केल्या. गोष्ट खरीच आहे. पण तिचं श्रेय मंत्रालयाच्या पदरात टाकायला मी तयार नाही. ही मागणी त्या मंत्रालयाच्या जन्माआधी शंभर वर्षांपासून सरकारच्या दारात उभी होती.

कोरँडर्क 1863 मध्ये वसलं. सायमन वोंगा आणि विल्यम बराक हे अबोरिजिनल पुढारी आपल्या माणसांना घेऊन डोंगर ओलांडून आले आणि यारा नदीजवळ स्थिरावले. घरं बांधली, शेती केली. पुढे बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सचं पीक घेतलं आणि त्याला मेलबर्नच्या बाजारात चांगला भाव मिळू लागला. पैसा मात्र कष्ट करणाऱ्यांच्या हातात येत नव्हता, तो अबोरिजिनल लोकांचा कारभार बघणाऱ्या सरकारी संरक्षण मंडळाच्या ताब्यात जात होता. जमिनीला भाव आला तसं मंडळ या लोकांना तिथून हलवायच्या मागे लागलं. बराक आणि त्यांचे साथीदार साठेक किलोमीटर पायपीट करून मेलबर्नला मंत्र्यांसमोर उभे राहायचे. 1881 मध्ये चौकशी समिती बसली, तिच्यापुढे रहिवाशांनी स्वतः साक्षी दिल्या. मागणी सरळ होती: मंडळ आमच्या डोक्यावर नको, आमचे जुने व्यवस्थापक जॉन ग्रीन परत द्या, ही जमीन आम्हाला द्या आणि आमचा कारभार आम्हाला करू द्या.

वस्ती तात्पुरती वाचली. पण 1886 च्या कायद्याने मिश्र रक्ताच्या, पस्तिशीच्या आतल्या माणसांना वस्तीबाहेर काढलं. म्हणजे घरातली कमावती, धडधाकट माणसंच गेली आणि मागे म्हातारे उरले. मग माणसं कमी आहेत म्हणून 1893 मध्ये निम्मी जमीन काढून घेतली! 1924 मध्ये वस्ती बंद करून बहुतेकांना दूर गिप्सलँडमधल्या लेक टायर्सला पाठवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेली जमीन सैनिकांच्या पुनर्वसनासाठी वाटली गेली.

1957 मध्ये संरक्षण मंडळ जाऊन कल्याण मंडळ आलं. त्याचं काम बघायचं तर मूरूपना गावाजवळची रम्बालारा वसाहत बघावी. नदीकाठी झोपड्यांत राहणाऱ्या कुटुंबांसाठी तिथे काँक्रीटची दहा घरं बांधली, आणि आतल्या खोल्यांना दारंच बसवली नाहीत. जणू या माणसांना आडोसा लागतच नाही. हे वाचून माझा संताप झाला. आज त्याच जागेवर तिथल्या अबोरिजिनल समाजाची सहकारी संस्था स्वतःचं आरोग्य केंद्र चालवते.

याच कल्याण मंडळाने लेक टायर्सही बंद करायला घेतलं, तेव्हा पास्टर डग निकल्स यांनी 1963 मध्ये मंडळाचा राजीनामा दिला. एके काळचे फिट्झरॉय क्लबचे नावाजलेले फुटबॉलपटू, चर्चमधले आदरणीय पुरोहित, मंडळाचे सदस्य. खुर्ची सोडून ते रस्त्यावर उतरले. मेलबर्नमध्ये मोर्चा निघाला, रहिवासी हटून बसले आणि 1965 मध्ये सरकारला ती वस्ती कायम ठेवावी लागली. 1970 चा कायदा याच रेट्यातून आला. 1971 मध्ये लेक टायर्सच्या रहिवाशांच्या हाती मालकीचा कागद पडला.

मंत्रालयाने घरं दिली, हे मान्यच. पण पुढे ते गुंडाळलं गेलं तेसुद्धा वरून ठरलं. 1967 च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतं पडून केंद्राला अबोरिजिनल लोकांसाठी कायदे करण्याचा अधिकार मिळाला आणि पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारने राज्यांकडून ही खाती आपल्याकडे घेतली.

म्हणून 2025 मध्ये व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या, अबोरिजिनल समाजाशी केलेल्या कराराच्या कायद्याच्या बाजूने मी ठाम उभा आहे. अबोरिजिनल समाजाने स्वतः निवडून दिलेल्या सभेला त्यात कायमचं स्थान आहे. आपल्याच काही मित्रांचं म्हणणं असतं, 'यांना वेगळं काही कशाला? आपणही बाहेरूनच आलो, कष्ट करून उभे राहिलो.' मित्रांनो, आपल्याला इथे कुणी कसलेली जमीन सोडायला लावली नाही, आपल्या कमाईचा पैसा कुठल्या मंडळाने ठेवून घेतला नाही. कोरँडर्कच्या माणसांनीही कष्टच केले होते. त्यांच्या साक्षी आजही वाचायला मिळतात. त्या वाचा, मग या कायद्यावर खुशाल वाद घालू.