प्रतिक्रियेला उत्तर: करात पाच त्रिक पंधरा होत नाहीत

नमस्कार. चादरीच्या किमतीतल्या कराबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : 'सूतवाला पाच टक्के लावतो, कारखानदार पाच, दुकानदार पाच. गिऱ्हाइकाच्या माथी पंधरा. एसीत बसून पुस्तकी गणितं मांडू नका. समोरच्यानं रिटर्न भरलं नाही की आमचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) लटकतं. आणि डिझेलचं काय?'

मतभेद असू द्या, पण 'एसीत बसून' कशासाठी? आपली ओळख नाही, मी काय करतो हे तुम्हाला माहीत नाही. सोलापूरच्या साखर पेठेत वडिलांचं लूमच्या सुट्या भागांचं दुकान होतं. धोटे न् पिकर विकत वाढलोय मी. १ एप्रिल २००५ला महाराष्ट्रात व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, आला, तेव्हा शटर ओढल्यावर सेट-ऑफचं, म्हणजे खरेदीवरच्या कराच्या वजावटीचं, रजिस्टर मीच लिहायचो. ज्या खरेदी बिलावर कर वेगळा दाखवलेला नसे ते बाजूला काढायचं, कारण त्याचा सेट-ऑफ मिळत नसे. वडील त्या व्यापाऱ्याकडे पक्कं बिल मागायला मलाच पाठवायचे. याला पुस्तकी म्हणता?

आता तुमचे पंधरा. सूत १०० रुपयांचं, कर ५. कारखानदार चादर १६०ला विकतो, बिलात कर ८. पण सुतावरचे ५ त्यानं आधीच दिलेत, त्यामुळे सरकारजमा करतो फक्त ३. दुकानदार २००ला विकतो, कर १०, त्यातून ८ वजा, भरतो २. पाच, तीन, दोन मिळून दहा. २०० रुपयांवर दहा म्हणजे पाचच टक्के. प्रत्येकजण आपण वाढवलेल्या किमतीपुरताच कर भरतो. व्हॅटचं तत्त्व हेच, आणि १ जुलै २०१७ला आलेला जीएसटीही त्यावरच चालतो.

वजावट नसती तर? १०५चं सूत, त्यावर कारखानदाराचे ६० आणि कर, मग दुकानदाराचे ४० आणि पुन्हा कर. चादर जाते २२३ रुपये ९१ पैशांना, त्यात कर २३ रुपये ९१ पैसे. कराविना किंमत तीच २००. म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास. करावर कर चढूनसुद्धा तुमचे पंधरा होत नाहीत! हे मांडून पाहायला कागद-पेन्सिल पुरते, तेवढेही कष्ट न घेता दुसऱ्याचं गणित चूक ठरवायचं, याचा मला खरंच राग आला.

आकडे मी सोयीसाठी गोल घेतले, रंगाई आणि मजुरी वेगळी दाखवली नाही, एवढं मान्य.

क्रेडिट लटकतं ते समोरच्याच्या कसुरीमुळे. तो वसुलीचा विषय आहे, त्यानं कराची रीत खोटी ठरत नाही. डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, माझा लेख त्यावर नव्हताच.

तुम्ही कारखानदार असाल तर सुताचं एक आणि चादरीचं एक बिल काढा, बेरीज-वजाबाकी करा आणि ती इथेच लिहा. आकड्यांवर बोलायला मी केव्हाही तयार आहे. एसीबद्दल पुन्हा लिहिलंत तर मात्र उत्तर देणार नाही.