'एक ठेवून द्या, पोरगं ताळ्यावर येतं' म्हणणाऱ्यांना

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. मथळा : 'बालगृहातली पोरं डोक्यावर का बसली?' मजकूर थोडक्यात असा. भडकलेल्या पोराला एक सणसणीत ठेवून द्यावी. गोड बोललं की ते शेफारतं. तरी ऐकत नसेल तर खोलीत कोंडावं, आपोआप थंड होतं. पण कायद्यानं कर्मचाऱ्यांचे हात बांधलेत. आणि शेवटी, कर्मवीर भाऊराव पाटील असते तर ही वेळ आली नसती. खाली नेहमीचं, 'पटलं तर पुढे पाठवा'.

सांगली जिल्ह्यातल्या मुलग्यांच्या एका बालगृहात मी अकरा वर्षं काळजीवाहक आहे. मला पटलं नाही.

आधी ठेवून देण्याचं. त्यानं पोरगं गप्प होतं, हे खरं आहे. म्हणून तर हा उपाय इतकी वर्षं टिकलाय. माझ्या तिसऱ्या वर्षी मीही एकाला दिली होती. चौदा वर्षांचा मुलगा, टीव्हीच्या रिमोटवरून शिव्या देत होता. जागच्या जागी गप्प. मला वाटलं, जमलं आपल्याला. रात्री दीडला आरडाओरडा ऐकून धावलो, तर त्यानं शेजारच्या आठ वर्षांच्या पोराला पट्ट्यानं फोडून काढलं होतं. संध्याकाळी मी दिलेली रात्री त्या लहानग्यापर्यंत पोचली होती. गप्प होणं वेगळं आणि शांत होणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं.

रागानं पेटलेल्या माणसाच्या अंगात अड्रेनलिन भिनलेलं असतं. छाती धडधडते, हात थरथरतात, कानावर पडलेलं आत शिरत नाही. त्यातून आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. अशा वेळी उगारलेला हात म्हणजे आगीत तेल. आमच्याकडच्या कित्येक पोरांनी घरी इतका मार खाल्लेला असतो, की हात वर गेला की त्यांना आपण दिसतच नाही, बाप दिसतो.

आता 'गोड बोललं की शेफारतं'. मागच्या हंगामातली गोष्ट. तेरा वर्षांचा एक मुलगा, आई-बाप ऊसतोडीला. रविवारी भेटायला येते म्हणून आईनं फोनवर सांगितलेलं. पोरगं सकाळपासून फाटकाशी. टोळी दुसऱ्या फडात हलली, आई आली नाही. रात्री जेवताना कुणीतरी म्हणालं, "आली का रं तुझी आई?" ताट भिंतीवर. आमटी छतापर्यंत. मग बाक उलटा, आणि हातात स्टीलचा तांब्या.

मी दारात उभा राहिलो. चूक माझी, कारण बाहेर जायला तेवढी एकच वाट होती. स्वयंपाकाच्या मावशी आतून आल्या, मला म्हणाल्या, "सर, तुम्ही बाकीच्यांना घेऊन व्हरांड्यात जावा." बघणारी चाळीस पोरं निघून गेली, तसा त्याचा निम्मा आवेश उतरला. मावशी त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या नाहीत. दोन हात लांब, पायरीवर, त्याला तिरक्या बसल्या. पुढ्यात लसणाची पाटी. पाच-सात मिनिटं एक शब्द नाही. मग खालच्या आवाजात, "आज वाट बघून दमलास बाबा." तो ओरडला, "मला नको कुणी!" त्या म्हणाल्या, "बरं." आणि लसूण सोलत राहिल्या. तांब्या खाली यायला पाऊण तास लागला असेल. मग तो येऊन बसला आणि त्यानंही एक गड्डा उचलला.

याला गोड बोलणं म्हणायचं असेल तर म्हणा. सगळी मिळून वीस वाक्यंही नव्हती. आणि माफी कुणी दिली? दुसऱ्या दिवशी डोकं थाऱ्यावर आल्यावर भिंत त्यानंच घासली, चिडवणाऱ्याशी समोरासमोर बोलणंही झालं. हिशेब झाला, फक्त दुसऱ्या दिवशी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं बालगृहांच्या कर्मचाऱ्यांसाठी बसवलेल्या प्रशिक्षणात अशा प्रसंगी स्वतःला विचारायचे चार प्रश्न आहेत : मला आत्ता काय वाटतंय, या मुलाला काय वाटतंय आणि काय हवंय, भोवतालचा त्याच्यावर काय परिणाम होतोय, आणि मग मी काय करावं. मावशी सातवी शिकलेल्या. चारही उत्तरं त्यांना ठाऊक होती.

कोंडण्याबद्दल फार लिहीत नाही. बंद दाराआड पोरगं थंड होतंय की भिंतीवर डोकं आपटतंय, हे बाहेरून कळत नाही. त्याला एकटं बसायचं असेल तर बसू द्यावं, पण उघड्यावर, आपल्या नजरेच्या टप्प्यात.

कायद्यानं हात बांधले म्हणणाऱ्यांनी कायदा वाचलेला नाही. बाल न्याय अधिनियम 2015 मध्ये शारीरिक शिक्षेची व्याख्या आहे : चुकीचा बदला म्हणून, किंवा शिस्त लावण्यासाठी, सुधारण्यासाठी जाणूनबुजून वेदना देणं. कलम 82 प्रमाणे संस्थेतल्या माणसानं हे केलं तर पहिल्यांदा 10,000 रुपये दंड, पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय नोकरी जाऊ शकते. गच्चीवरून उडी मारायला निघालेल्या पोराला धरणं या व्याख्येत बसत नाही. तिथं धरायलाच हवं. मात्र कसं धरायचं हे शिकायला लागतं. इंग्लंडमध्ये 2004 साली मुलांसाठीच्या एका बंदिस्त केंद्रात तिघा कर्मचाऱ्यांनी पंधरा वर्षांच्या मुलाला दाबून धरलं. श्वास घेता येत नाही, असं तो सांगत होता. तो गेला. प्रकरणाची सुरुवात सँडविच टोस्टर साफ करायला नकार देण्यावरून झाली होती.

राहिले कर्मवीर. भाऊराव कडक होते, यात वाद नाही. पण साताऱ्यात 1924 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या बोर्डिंगची ओळख छडी नव्हे. तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र रांधायची, एका पंगतीत जेवायची. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. पुढे पाठवायचं तर हे पाठवा की.

मेसेजमधलं एक वाक्य मात्र मला खोडता येत नाही : 'कर्मचारी तरी काय करणार, एकटा माणूस आणि एवढी पोरं.' हे खरं आहे. पाऊण तास पायरीवर बसायला दुसरं कुणीतरी व्हरांडा सांभाळायला लागतं, आणि तीन रात्रपाळ्या लागोपाठ केलेल्या माणसाचा हात लवकर उठतो. मावशी दिवाळीत निवृत्त झाल्या, त्यांची जागा अजून रिकामी आहे. सध्या रात्रीला एक नवीन पोरगा असतो, पंचवीसचा, प्रशिक्षण झालेलं नाही. मेसेज त्याच्याही मोबाइलवर आलाय.