‘अयोध्येचा राजा’ हरवलेला नाही

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘आपल्या गावात बनलेल्या ‘अयोध्येचा राजा’ची एकही प्रत उरलेली नाही, माळ्यावर रीळ सापडलं तर संग्राहक लाखो रुपये देतील.’ हे चूक आहे. प्रभात फिल्म कंपनीचा 1932 सालचा हा बोलपट टिकून आहे. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे आजही त्यात बोलताना, गाताना दिसतात. ज्याची प्रत मिळत नाही तो 1931 चा ‘आलम आरा’, भारतातला पहिला बोलपट. बहुधा दोन्हींची गल्लत झाली.

संग्राहकांची ओढ मात्र खरी आहे, आणि ती नुसत्या पैशाची नाही. त्या काळात डबिंग रुळलेलं नव्हतं, नट कॅमेऱ्यासमोरच गायचे. तो आवाज दुसरीकडे कुठे मिळणार?

माळ्यावर रीळ सापडलंच, तर कडेची भोकं आणि चित्र यांच्यामध्ये बारीक रेघांची किंवा नागमोडी पट्टी दिसते का पाहा. तो आवाज. पट्टी नसेल तर बहुतेक मूकपट, तोही मोलाचाच. पण कृपा करून प्रोजेक्टरवर चढवू नका: जुनी नायट्रेट फिल्म भडकन पेटते. दिवा, विडी लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.